फाळके, केळफा आणि आपले शॉर्टकट

बोटांना स्वतःची स्मरणशक्ती असते, हे कुठल्याही पुस्तकात वाचण्याआधी आपल्याला कॅड लॅबमध्ये कळतं. ऑटोकॅडवर दोन सेमिस्टर काढली की ‘एल’ दाबून रेघ, ‘सी’ दाबून वर्तुळ आणि ‘टीआर’ दाबून ट्रिम हे सगळं डोक्याला न विचारता होऊ लागतं. मग सिलॅबस बदलतो किंवा प्रोजेक्टची कंपनी सांगते की आमच्याकडे सॉलिडवर्क्स चालतं. ऑटोकॅडमध्ये माऊसचं चाक दाबून सरकवलं की चित्र नुसतं बाजूला सरकतं. सॉलिडवर्क्समध्ये तेच केलं की अख्खं मॉडेल गरकन फिरतं! गॅदरिंगची पोस्टर्स करणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. कोरलड्रॉमध्ये ‘कंट्रोल-डी’ दाबलं की दुसरी प्रत तयार होते, आणि फोटोशॉपमध्ये तेच दाबलं की मेहनतीने केलेलं सिलेक्शन गायब! काम तेच, डोकं तेच, पण हात परका. अशा वेळी जो तो एकच सूर लावतो, की जुनंच बरं होतं.

या रडगाण्यावर उतारा म्हणून एका माणसाचं आयुष्य सांगावंसं वाटतं. माणूस आपल्याच जिल्ह्यातला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांचं नाव आपण शाळेपासून घोकलं आहे. पण जनक होण्याआधी या माणसाने हातातलं हत्यार किती वेळा बदललं आणि प्रत्येक वेळी पुन्हा पहिलीच्या बाकावर कसा बसला, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके यांची ती गोष्ट.

पेन्सिल ते कॅमेरा

जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. घरात पोथ्या, पाठांतर आणि पूजाअर्चा. शास्त्रीबुवांच्या मुलाने शास्त्रीबुवाच व्हावं अशा त्या काळात हा मुलगा चित्रं काढत बसायचा. वडिलांना मुंबईच्या कॉलेजात शिकवण्याची नोकरी लागली, बिऱ्हाड मुंबईला गेलं आणि १८८५ मध्ये, म्हणजे पंधराव्या वर्षी, धुंडिराज सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पहिलं हत्यार पेन्सिल.

तिथून ते बडोद्याला गेले. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये तिथे कलाभवन सुरू केलं. आज बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची जी इंजिनिअरिंग फॅकल्टी आहे, तिचं मूळ म्हणजे हे कलाभवन. तेव्हा फाळके एका अर्थाने आपलेच सीनिअर! तिथे त्यांनी तैलचित्रं, जलरंग, वास्तुकलेची आखणी, मातीचे साचे आणि नमुने असं मिळेल ते शिकून घेतलं. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांच्या आदर्श नाट्यगृहाच्या मॉडेलला सुवर्णपदक मिळालं. याच काळात त्यांनी कॅमेरा हातात घेतला.

चित्रकाराने कॅमेरा घेतला यात नवल काय, असं वाटेल. पण इथेच पहिला ‘शॉर्टकट’ मोडला. चित्रकाराचा हात कोऱ्या कागदावर भर घालत जातो. कॅमेऱ्यात सगळं आधीच समोर असतं, त्यातलं काय वगळायचं ते ठरवावं लागतं. त्या काळच्या मोठ्या कॅमेऱ्याच्या मागच्या घाशीव काचेवर दिसणारं चित्र उलटं असायचं, डोकं खाली आणि पाय वर, डावं ते उजवं. वर आणखी रंगांचा घोळ. तेव्हाच्या प्लेटा लाल रंगाला जवळजवळ आंधळ्या होत्या आणि निळ्याला फार हळव्या. म्हणजे लाल साडी काळी यायची आणि निळंभोर आकाश पांढरंफटक. ज्याच्या बोटांनी वर्षानुवर्षं रंग मिसळले, त्याने आता प्रत्येक रंगाकडे पाहून हा काळ्या-पांढऱ्यात कसा उतरेल याचा हिशेब नव्याने शिकायचा. पण प्रकाश कुठून येतो, सावली कुठे पडते आणि चेहरा कुठल्या कोनातून उठून दिसतो ही चित्रकाराची जाण मात्र जशीच्या तशी कामाला आली. ही विभागणी लक्षात ठेवा. काय टाकावं लागलं आणि काय सोबत आलं, हा प्रश्न या आयुष्यात पुन्हा पुन्हा येणार आहे.

उलट्या अक्षरांचं जग

गज्जरांनी या विद्यार्थ्यावर विश्वास टाकला, कलाभवनची फोटोची प्रयोगशाळा वापरू दिली आणि रतलामला पाठवलं. तिथे फाळके तीन रंगांचे ठसे बनवणं, फोटो-लिथोग्राफी आणि डार्करूमचं काम शिकले.

पुन्हा नवीन कीबोर्ड! लिथोच्या दगडावर चित्र उलटं काढायचं, म्हणजे कागदावर सुलटं उमटतं. आरशातलं लिहिणं-वाचणं हातात बसेपर्यंत हे काम जमत नाही. तीन रंगांच्या छपाईत तर पॅलेटच फोडून टाकायचं. मूळ चित्राचे वेगवेगळ्या गाळण्यांमधून तीन फोटो घ्यायचे, पिवळा, लाल आणि निळा असे तीन ठसे करायचे, आणि ते एकावर एक असे नेमके छापायचे की डोळ्याला अख्खं चित्र दिसावं. एखादा ठसा केसभर सरकला की ओठांचा रंग हनुवटीवर आलाच म्हणून समजा. पोस्टर छापायला देताना आपण फाईल ‘सीएमवायके’ मध्ये बदलतो ना, त्याचंच हे पूर्वरूप. फरक एवढाच, की तेव्हा हे बटण दाबून व्हायचं नाही.

१८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ थाटला. जम बसत होता, तोच प्लेगने पहिली पत्नी आणि मूल दोन्ही हिरावून नेले. स्टुडिओ सोडून ते बडोद्याला परतले. तिथेही फोटोचा धंदा चालेना, कारण फोटो काढला की माणसाची शक्ती कमी होते अशी भीती लोकांच्या मनात होती. आपण सॉफ्टवेअर बदलतो ते बहुधा प्लेसमेंटसाठी. या माणसाच्या हातातली हत्यारं मात्र अनेकदा नशिबाने हिसकावून घेतली. तेव्हा सगळीच बदलं हौसेची होती असा गैरसमज नको.

याच सुमारास त्यांनी एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली आणि आडनावाची अक्षरं उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने जादूचे प्रयोग केले. ठसे उलटे खोदणाऱ्या माणसाने स्वतःचं नावही उलटं छापलं म्हणायचं! गंमत सोडा, पण प्रेक्षकाची नजर कुठे वळवायची आणि कुठल्या क्षणी काम उरकायचं हे ज्ञान त्यांना इथे मिळालं. दहा वर्षांनी ते कसं उपयोगी पडलं ते पुढे येईलच.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचं सासरचं नाव सरस्वती. पुढच्या वर्षी पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी लागली. सरकारी नोकरी, ठरलेला पगार आणि हातात आलेलं काम. इथेच थांबले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण बंगालच्या फाळणीनंतर स्वदेशीची लाट आली आणि फाळक्यांनी नोकरी सोडून छपाईचा धंदा सुरू केला, आधी लोणावळ्याला आणि मग मुंबईत दादरला. राजा रविवर्मांच्या चित्रांच्या छपाईशी त्यांचा संबंध आला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची नवी यंत्रसामग्री पाहायला आणि आणायला ते जर्मनीला जाऊन आले. प्रेस नावारूपाला आला, तोच भागीदारांशी बिनसलं आणि फाळके बाहेर पडले. वय चाळीस. हातात शून्य.

हँडलचा ताल

मग मुंबईच्या एका तंबूत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त आणि त्यांच्या मनात राम-कृष्ण, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहेत ते नंतरचे महिने. मिळेल तो सिनेमा पाहायचा, घरी येऊन प्रयोग करायचे, झोप नाही. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासं झालं. उपचार आणि निरनिराळे चष्मे यांच्या जोरावर दृष्टी परत आली. विम्याची पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तिथे ओळखदेख कोणाची नाही. ‘बायोस्कोप’ या सिनेमाच्या साप्ताहिकाच्या कचेरीत जाऊन ते संपादकांना भेटले आणि त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम कसं चालतं ते पाहून घेतलं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोकं पाडण्याचं यंत्र विकत घेऊन एप्रिलमध्ये ते परतले. म्हणजे आपल्या भाषेत, जेमतेम दोन आठवड्यांचं ट्रेनिंग!

आता नव्या हत्याराचं वेगळेपण पाहा. फोटोचा कॅमेरा एकदा क्लिक करतो आणि थांबतो. सिनेमाचा कॅमेरा हँडलने फिरवायचा. एका फेऱ्यात आठ चौकटी, सेकंदाला साधारण दोन फेरे, म्हणजे सेकंदाला सोळा चौकटी. मोटर नाही, घड्याळ नाही. कॅमेरामनने मनात ताल धरायचा आणि समोर आग लागो की युद्ध होवो, हाताचा वेग ढळू द्यायचा नाही. हात मंदावला तर पडद्यावर माणसं पळू लागतात, हात जलद झाला तर ती पाण्यात चालल्यासारखी दिसतात. फोटोग्राफरचा हात स्थिर राहायला शिकलेला असतो. इथे त्याला तालात फिरायचं होतं.

या कॅमेऱ्याची खुबी त्यांनी एका छोट्या प्रयोगातून दाखवली. वाटाण्याचा दाणा पेरून रोज थोड्या थोड्या चौकटी घेतल्या. पडद्यावर अंकुर बघता बघता वर आला. फोटोग्राफीची सवय आणि सिनेमाचं यंत्र यांचं हे लग्न होतं. पैसे लावणारे लोक यावरच तयार झाले.

बाकीच्या पैशांसाठी सरस्वतीबाईंनी दागिने दिले. पण त्यांचं काम दागिने देण्यापुरतं नव्हतं, आणि हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. फिल्मला भोकं पाडणं, ती कॅमेऱ्यात भरणं आणि धुणं हे सगळं त्या शिकल्या. ‘राजा हरिश्चंद्र’ सुमारे ३,७०० फुटांचा. एका फुटात १६ चौकटी, प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं. गुणाकार करा. एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या घरात भोकं होतात. यंत्र असलं तरी अंधाऱ्या खोलीत हे काम करायचं, आणि ते उरकून साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करायचा. ‘नवीन टूल शिकायला वेळ कुठे आहे’ असं ज्याला वाटतं त्याने हा गुणाकार आपल्या टेबलासमोर चिकटवून ठेवावा.

कॅमेऱ्यावर उभे होते त्र्यंबक तेलंग, फाळक्यांचे त्र्यंबकचेच स्नेही. त्यांना हे काम स्वतः फाळक्यांनी शिकवलं. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलातले आचारी अण्णा साळुंके पुढे आले. म्हणजे या चित्रपटात कॅमेरामनपासून नायिकेपर्यंत जवळजवळ प्रत्येक जण नवशिका होता. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे.

आता ते प्रोफेसर केळफा आठवा. पडद्यावर देव प्रकट होतो नि अंतर्धान पावतो. त्यासाठी कॅमेरा मध्येच थांबवायचा, बाकीच्यांनी दगडासारखं उभं राहायचं, एकाला बाहेर काढायचं आणि हँडल पुन्हा सुरू करायचं. एकाच फिल्मवर दोन चित्रं घ्यायची तर फेरे मोजून फिल्म तितकीच मागे न्यायची आणि पुन्हा फिरवायची. नजर कुठे ठेवायची हे जादूने शिकवलं होतं, एकावर एक नेमकं कसं बसवायचं हे तीन रंगांच्या ठशांनी, आणि पडदे नि देखावे रंगवणं चित्रकलेने. एकेक धंदा सुटताना जे वाया गेलंसं वाटलं, ते सगळं या एका ठिकाणी येऊन मिळालं.

गोदाकाठचा कारखाना

१९१३ मध्येच फाळक्यांनी बस्तान नाशिकला हलवलं. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ आणि मग १९१७ चा ‘लंका दहन’, ज्यात साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही उभे केले. त्याच वर्षी चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारी एक छोटी फिल्मही त्यांनी काढली. स्वतःला सापडलेली युक्ती त्यांनी झाकून ठेवली नाही. आपल्याकडे काही सीनिअर शॉर्टकटची यादीसुद्धा लपवून ठेवतात, त्यांनी नोंद घ्यावी! १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. ‘श्रीकृष्ण जन्म’ आला, ‘कालिया मर्दन’ मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पुन्हा भागीदारांशी मतभेद झाले, ते काशीला जाऊन राहिले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं आणि काही वर्षांनी परत कंपनीत आले. आयुष्यभरात त्यांच्या नावावर नव्वदहून अधिक चित्रपट जमा झाले.

न जमलेला बदल

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ लागला आणि पडदा बोलू लागला. पुढच्याच वर्षी प्रभातने पहिला मराठी बोलपट काढला, ‘अयोध्येचा राजा’. कथा कोणाची? राजा हरिश्चंद्राची! फाळक्यांनी ज्या गोष्टीने सुरुवात केली, तीच गोष्ट आता दुसऱ्यांच्या हातात नव्या यंत्रावर बोलत होती.

फाळके तेव्हा साठी ओलांडलेले. त्यांच्या ‘सेतुबंधन’ या मूकपटावर नंतर आवाज चढवावा लागला. हिंदुस्थान कंपनी बंद पडली. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट दिग्दर्शित केला. तो त्यांचा एकमेव खरा बोलपट आणि शेवटचा चित्रपटही.

इतके बदल पचवणारा माणूस इथेच का अडला? वय झालं हे सोपं उत्तर आहे, पण अपुरं आहे. बोलपटात कॅमेरा मोटरवर गेला, वेग सेकंदाला चोवीस चौकटींवर पक्का झाला. हँडलचा ताल, तो आयुष्यभर कमावलेला, बाद झाला. मूकपटात शॉट चालू असताना दिग्दर्शक ओरडून सूचना देऊ शकत होता, आता तोंड मिटून बसणं आलं. हे सगळं बोटांचं होतं, आणि बोटं शिकली असती. पण आवाजाबरोबर ध्वनिमुद्रक आले, संवाद लिहिणारे आले, गाणारे नट आले, महागडी यंत्रं आणि ती पोसणारे मोठे स्टुडिओ आले. पटकथेपासून फिल्म धुण्यापर्यंत सगळं एकाच्या नजरेखाली आणि एका घरात करण्याची फाळक्यांची जी पद्धत होती, तिलाच जागा उरली नाही. या वेळी बदललं ते हत्यार नव्हे, कामाची मांडणीच बदलली.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू झाला. पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे आणि दादरच्या ज्या रस्त्यावर ‘राजा हरिश्चंद्र’ तयार झाला, त्याला आज त्यांचं नाव आहे. पण हा मान त्यांच्या हयातीतल्या शेवटच्या वर्षांच्या वाट्याला आला नाही.

मग आपण यातून काय घ्यायचं? सगळं जमतं, फक्त इच्छा हवी, असा गोड निष्कर्ष काढणं म्हणजे फाळक्यांवरच अन्याय होईल. माझ्या मते त्यांचं आयुष्य दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवतं. एक बोटांची सवय. ती प्रत्येक सॉफ्टवेअरबरोबर बदलणारच. काही जण नव्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळे शॉर्टकट जुन्यासारखे करून घेतात. स्वतःच्या मशीनवर ते ठीक आहे, पण लॅबच्या किंवा कंपनीच्या मशीनवर बसलात की पुन्हा परके. त्यापेक्षा रोज लागणाऱ्या दहा-बारा कमांड निवडा, त्या आहेत तशा हातात बसवा आणि आठवडाभर चुका होऊ द्या. दुसरी गोष्ट कामाची जाण. मिती कुठून द्यायची, कुठला भाग आधी काढायचा, मशीनवर तो बनेल का, हे कुठल्याही कीबोर्डवर लिहिलेलं नसतं आणि कुठल्याही अपडेटमध्ये पुसलं जात नाही. फाळक्यांचा प्रकाश, त्यांची नेमकी जुळणी आणि जादूगाराची नजर हेच त्यांच्यासोबत एका धंद्यातून दुसऱ्या धंद्यात गेलं.

आणि तिसरी सूचना त्यांच्या शेवटच्या वर्षांची. एखादा बदल आला की आधी तपासा, बटणंच बदलली आहेत की काम करण्याची पद्धतच बदलते आहे? बटणं बदलली असतील तर पंधरा दिवसांची कुरकुर पुरे. पण पद्धत बदलत असेल तर शॉर्टकटची यादी पाठ करून भागणार नाही. तिथे सोबत माणसं लागतात, पैसा लागतो आणि वेळेवर निघावं लागतं. पहिल्या प्रकारच्या बदलांत त्र्यंबकच्या या माणसाला तोड नव्हती. दुसऱ्या प्रकारच्या बदलात तोही एकटा पडला.